सात नंबरची वायर

दिवाळीच्या आठ दिवसांच्या सुट्टीनंतर वर्कशॉप उघडलं. त्या सोमवारी सकाळी तारा मेश्रामनं टेस्टिंगच्या टेबलामागच्या खिळ्यावरून लाल वायरींचा जुडगा काढला आणि सवयीनं मोजला. नऊ भरल्या. तिनं पुन्हा मोजला. नऊच.

वायरी दहा होत्या. गेली चौदा वर्षं दहाच होत्या.

वाडीला अमरावती रोडवर, गोदामांच्या मागच्या अंगाला भैय्याजी वैरागडेंचं हे वर्कशॉप. खाणीतला कोळशाचा पट्टा असो की पोलाद कारखान्यातली क्रेन, तिची मोटर कधी सुरू व्हावी आणि कधी मुकाट्यानं बंद पडावी हे ठरवणारी लोखंडी कपाटं इथे गिऱ्हाइकाच्या गरजेनुसार बनत. त्यांना पॅनेल म्हणत. तारानं तपासून सही केल्याशिवाय एकही पॅनेल फाटकाबाहेर जात नसे.

तपासणीची एक अडचण असे. वर्कशॉपमध्ये पॅनेल असतं, पण क्रेन नसते. क्रेनवर जिथे एखादा स्विच बसणार, तिथे तारा वीतभर लाल वायर लावून पॅनेलची तेवढ्यापुरती समजूत घालायची की बाबा, स्विच आहे, सगळं ठीक आहे. तपासणी झाली की वायर काढून घ्यायची. प्रत्येक वायरीला नंबराचा बिल्ला होता आणि प्रत्येक पॅनेलच्या कागदावर दोन रकाने होते : लावली, काढली.

सात नंबरचा बिल्ला जुडग्यात नव्हता.

तिनं फाइल काढली. दिवाळीआधी गेलेलं शेवटचं पॅनेल बुटीबोरीकडच्या एका पोलाद कारखान्याच्या क्रेनचं होतं. तिनं बोट खाली खाली नेलं. सातवी ओळ : हुक वर जाण्याची मर्यादा. लावलीच्या रकान्यात तिची खूण होती. काढलीचा रकाना कोरा होता.

तिला तो दिवस आठवला. दुपारी चारला मुलाचा, प्रशिकचा फोन आला होता, आजी बाथरूममध्ये पडली म्हणून. टेम्पो दारात उभा होता. तिनं घाईघाईनं कागद पुरा केला होता, सही ठोकली होती आणि पळाली होती. आईचं मनगट मोडलं होतं, एवढंच. पण सातवी वायर काढल्याचं काही केल्या आठवेना.

क्रेनचा हुक वर चढत चढत एका ठिकाणी थांबला पाहिजे. चालवणाऱ्याचं लक्ष चुको, बटण अडको, तिथला लिमिट स्विच मोटर बंद करतो. त्या स्विचच्या जागी तिची वायर असेल तर पॅनेलला कधी कळणारच नव्हतं की थांबायचं आहे. हुक दोर गुंडाळणाऱ्या वरच्या ड्रमवर जाऊन आदळेल, दोर तुटेल आणि दोराला जे लटकलं असेल ते खाली येईल.

आजवर त्या क्रेननं भंगारच उचललं होतं. आज साडेअकराला मात्र भट्टीतून पहिली हीट निघणार होती. पस्तीस टन वितळलेलं पोलाद. शनिवारीच सौरवनं फोनवर सांगितलं होतं, पूजा आहे, नारळ फोडणार आहेत. सौरव म्हणजे वर्कशॉपचा इंजिनीअर. पॅनेल बसवायला तोच तिकडे गेला होता.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते.

सौरवचा फोन बंद होता. त्या कारखान्यात फोन गेटवरच जमा करावे लागत. ऑफिसचा नंबर नुसता वाजत राहिला. मग तिनं भैय्याजींना लावला. ते काटोलला साडूकडे गेले होते.

"काय झालं वं, तारा?"

"भैय्याजी, बुटीबोरीच्या क्रेनमध्ये सात नंबरची वायर माझ्याकडून आतच राहिली वाटते. वरच्या लिमिटवर."

पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.

"असं कसं राहीन? काढली असशीन तू. खूण करायची राहिली असंन."

"मले आठवत नाही."

"मंग सौरव आहे न तिथी. तो पाहून घेईन. तू काहून जिवाले लावून राहिली? मी बोलतो त्याच्याशी."

"त्याचा फोन बंद आहे. साडेअकराले हीट आहे, भैय्याजी."

"पाहतो म्हटलं न मी. तू आपलं काम कर."

फोन ठेवल्यावर ती आणखीच घाबरली. एखादा स्क्रू ढिला राहिल्याचं कळलं तर दिवसातून तीनदा फोन करणारा हा माणूस. आज त्याचा आवाज इतका शांत कसा?

ती बाहेर आली. वर्कशॉपच्या पिकअपचे ड्रायव्हर मारोतराव काच पुसत होते.

"मारोतराव, गाडी काढा. बुटीबोरी."

"आत्ता? माल कोनता न्यायचा?"

"माल नाही. मीच."

वाडीच्या नाक्यावर ट्रकांची रांग हलत नव्हती. तारा मांडीवर फोन धरून कारखान्याच्या ऑफिसचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. सगळे पूजेच्या तयारीला गेले असणार. अकरा वेळा लावून झाला.

"मॅडम, कोनी मेलं-बिलं तर नाही न?" मारोतरावांनी विचारलं.

"अजून नाही."

रिंग रोडला लागल्यावर त्यांनी गाडी अशी हाणली की मागचा रिकामा हौदा आदळत राहिला. ताराच्या डोक्यात दोन गोष्टी आळीपाळीनं येत होत्या. एक, वायर वर्कशॉपच्या केरात गेली असेल, आपण तिथे जाऊन तमाशा करू आणि लोक हसतील. हसू देत, असं ती मनात म्हणायची, हसू देत रे बाबा. आणि लगेच दुसरी गोष्ट यायची. ती तिला नीट दिसायचीच नाही. नुसता नारिंगी उजेड दिसायचा आणि त्याच्याखाली माणसांची पिवळी हेल्मेटं.

जामठ्याला वर्धा रोडला लागेपर्यंत सव्वाअकरा झाले. कारखान्याच्या गेटवर पोचायला अकरा चाळीस.

गेटवर माया नावाची सुरक्षारक्षक होती. मागे क्रेनची मोजमापं घ्यायला आलेल्या ताराला तिनं एकदा पाहिलं होतं.

"हीट निघाली?" तारानं गाडीतून उतरतानाच विचारलं.

"हो, सायरन होऊन पाच मिनिटं झाली. पास दाखवा, मॅडम."

"क्रेन थांबवा. तिचं वरचं लिमिट चालत नाही. माझी चूक आहे. थांबवा आधी, मग पास मागा."

मायानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रजिस्टर बाजूला सारलं आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "मेल्ट शॉप, मेल्ट शॉप, गेटवरून माया. क्रेन थांबवा. जिथं असंन तिथं थांबवा." मग स्वतःच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून तिनं ताराच्या डोक्यावर ठेवलं.

तारा धावत आत शिरली आणि शेडच्या तोंडाशी थबकली.

क्रेन थांबली होती. तिच्या हुकाला लॅडल लटकत होतं, पोलादाची ती अजस्र बादली, खोलीएवढी. वरच्या काठाशी पांढराफटक उजेड होता, डोळ्यांना सहन न होणारा. खाली साचे रांगेनं मांडले होते आणि त्यांच्यापाशी आठ-दहा माणसं माना वर करून उभी होती. आपण एक निरोप धाडला आणि पस्तीस टन पोलाद माणसांच्या डोक्यावर टांगून ठेवलं, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

मेल्ट शॉपचे, म्हणजे भट्टीच्या या शेडचे प्रमुख विक्रम साहेब तिच्यावर धावूनच आले. कपाळावर पूजेचा टिळा घामानं ओघळला होता.

"कोणी थांबवायला सांगितलं? तुम्ही? हीट अशी हवेत ठेवतात का?"

"खालची माणसं आधी बाजूला करा, सर. मग मला काय बोलायचं ते बोला."

त्यांनी एक क्षण तिच्याकडे रोखून पाहिलं आणि हात हलवला. माणसं मागे सरली. तेवढ्यात सौरव आला. सत्तावीस वर्षांचा, एरवी तोंडाळ पोरगा. आज तो तिच्या नजरेला नजर देईना.

"वर चल माझ्यासोबत," ती म्हणाली.

शेडच्या छताजवळ आडव्या असलेल्या क्रेनच्या पुलावर जायला लोखंडी जिना होता. ती चढत गेली तशी हवा जड आणि कोरडी होत गेली. रेलिंगला हात लावला तर चटका बसला. पॅनेल वर पुलावरच होतं. खाली लोंबणाऱ्या काचेच्या केबिनमध्ये क्रेन चालवणारा अंकुश बसला होता, पन्नाशीचा, गळ्यात गमछा. त्यानं वर पाहिलं आणि काय झालं असं हातानंच विचारलं.

तारानं पॅनेलचं दार उघडलं. सात नंबरचा बिल्ला समोरच लोंबत होता.

सगळा रस्ता तिनं हेच मनात धरलं होतं, तरी तिनं बिल्ल्यावरचा नंबर पुन्हा वाचला. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि वायरीचं एक टोक सोडवलं.

"मॅडम, काढू नका," सौरव मागून म्हणाला. "ती काढली तर क्रेन वर उचलणार नाही."

"काहून?"

"वरच्या लिमिटचं केबल जळलेलं आहे. जुनं होतं, पहिल्याच दिवशी गेलं. मी पॅनेल उघडून पाहिलं तर तुमची वायर राहिली होती." तो घुटमळला. "म्हटलं, कामी आली."

तारानं वळून पाहिलं. तो मस्करी करत नव्हता.

"तुले दोन आठवड्यांपासून माहीत आहे?"

"मी भैय्याजींना फोन केला होता. ते म्हणाले, दोन दिवस चालवून घे, भंगारच तर उचलायचं आहे, नवीन केबल पाठवतो. मग दिवाळी आली. केबल आलंच नाही. विक्रम सरांनाही सांगितलं, ते रोज म्हणत होते, हीटची तारीख पुढे जाणार नाही. मी काय करू?"

काटोलच्या फोनमधला तो वारा तिला पुन्हा ऐकू आला. तर असं होतं. तिची चूक होती, आणि ती चूक शहाण्या माणसांनी विचारपूर्वक तशीच वापरात ठेवली होती.

सौरवच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. विक्रम साहेब. "वर काय चाललंय? साच्यांवरून जायला चार फूट उचलायचं बाकी आहे. उचला!"

"खाली उतरवता येत नाही का?" तारानं वॉकीटॉकी घेऊन त्यांना विचारलं.

"उतरवायला गाडी लागते. गाडीवर दुसरं लॅडल चढलंय. मोकळी करायला अर्धा तास. या लॅडलचं आतल्या विटांचं अस्तर जुनं आहे, मॅडम. अर्धा तास आत उभं राहिलं तर पोलाद अस्तर खाऊन बाहेर येईल. कुठून येईल ते मी सांगू शकत नाही." त्यांच्या आवाजातला राग संपला होता. तेही घाबरले होते.

तारानं खाली पाहिलं. वर पाहिलं. हुकाच्या वर ड्रमपर्यंत सहा फूट मोकळे दिसत होते. त्यातले चार हवे होते. उरले दोन. लिमिट नाही, केबल नाही, डोळे तेवढे होते.

तिनं वायरीचं सुटं टोक पुन्हा जागेवर धरलं. तिला स्क्रू बसवता येईना. स्क्रूड्रायव्हर खाचेतून तीनदा सटकला. शेवटी तिनं तो आवळला. चौदा वर्षांत तिनं हजारो स्क्रू आवळले असतील. हे काम आपण स्वतःच्या हातानं करू असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

"सौरव, तू हुकाकडे पाह. दुसरीकडे पाहू नको. अंकुशभाऊले सांग, वीतवीत उचला. दर वेळी थांबा. मी मेन हँडलवर आहे."

मेनचं हँडल खाली ओढलं की पॅनेलमधली सगळी वीज जाते आणि ब्रेक आपोआप आवळले जातात. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं.

घंटी वाजली. पॅनेलमध्ये मोठा खटका झाला आणि हुक हलला. थांबला. पुन्हा खटका. पुन्हा थांबला. ती मनात मोजत होती, ओठ हलत होते. तिसऱ्यांदा खटका झाला आणि हुक चढू लागला. चढत राहिला. वीत झाली, दीड वीत झाली, दोन झाल्या. खटका सुटल्याचा आवाज येईना. चिकटलं, तिला वाटलं, मोटरची वीज जोडणारा-तोडणारा आतला कॉन्टॅक्टर चिकटला. तिनं सगळं अंग टाकून हँडल खाली ओढलं.

ब्रेक करकचून आवळले. सगळा पूल हादरला. लॅडल डचमळलं आणि काठावरून पोलादाचा एक ओघळ खाली गेला. जमिनीवर पडताच ठिणग्यांचं कारंजं उडालं. शेडमध्ये कोणीतरी किंचाळलं.

"मॅडम!" खालून अंकुशचा आवाज आला. "काहून बंद केलं? म्याच दाबून राहिलो होतो न! थोडंसंच बाकी होतं, म्हून सोडलं नाही!"

काहीही चिकटलं नव्हतं. माणसं मागे सरली होती म्हणून, नाहीतर तिच्या भीतीनंच कोणाचा तरी जीव घेतला असता.

"कोणाले लागलं?" तिनं विचारलं.

"नाही," सौरव खाली पाहून म्हणाला. "सगळे दूर आहेत."

"अंकुशभाऊ," ती रेलिंगवरून वाकून ओरडली, "चुकलं माझं. आता वीज देते. चार बोटं उचला अन् सोडा. म्या म्हटल्याशिवाय पुढचं दाबू नका."

"तुमी म्हनान तसं!"

हँडल पुन्हा वर ढकलायला तिला खूप बळ लागलं. हाताला नव्हे. चार बोटं. थांबा. चार बोटं. थांबा. सौरवनं आता हात वर केला : पुरे. साच्यांचे काठ मोकळे झाले होते.

तारानं त्याच क्षणी सातवी वायर दोन्ही टोकांनी सोडवली. आता ही क्रेन आडवी जाऊ शकत होती, खाली उतरू शकत होती, वर मात्र एक बोटही जाऊ शकत नव्हती. पुढची बावीस मिनिटं ती पॅनेलपाशी उभी राहिली. पोलाद एकामागून एक साच्यात उतरत गेलं, खालचा उजेड पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल झाला. हेल्मेटच्या पट्ट्यातून घाम डोळ्यांत उतरत होता, पण तिनं हँडल सोडलं नाही. रिकामं लॅडल मोकळ्या झालेल्या गाडीवर टेकलं तेव्हा तिनं पॅनेलला कुलूप लावलं आणि किल्ली ब्लाउजच्या आत टाकली.

ती खाली आली तर अंकुश जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. सौरवकडून त्याला सगळं कळलं होतं.

"दोन हप्ते मी हे चालवून राहिलो, मॅडम," तो म्हणाला. "मले वाटे, वर लिमिट आहे. कधी चहा पिता पिताही बटन दाबलं मी. मले काहून नाही सांगितलं कोनी?"

तारा त्याच्याशेजारी बसली.

"वायर माझी होती," ती म्हणाली. "राहिली माझ्याकडून."

"ते झालं. चूक होते मानसाची. पन मले सांगाले काय जात होतं?"

भैय्याजी दोनच्या सुमारास आले. तोवर तारानं विक्रम साहेबांच्या ऑफिसात बसून दोन पानी अहवाल लिहिला होता. भैय्याजींनी चष्मा लावून तो उभ्यानंच वाचला. पहिल्या पानावर तिचं स्वतःचं नाव होतं : तपासणीत वायर काढायची राहिली, न पाहता सही केली. त्याखाली सौरवचं. त्याखाली त्यांचं. त्याखाली, केबल नसल्याचं माहीत असून तारीख पुढे न नेणाऱ्यांचंही.

"माझं नाव टाकलं तू?"

"माझं पहिले टाकलं."

"मी दोनच दिवस म्हटलं होतं, तारा. भंगारापुरतं." ते दाराशी उभ्या सौरवकडे वळले. "मंग खरंच विसरलो गा मी, सौरव. सकाळी तुमच्या मॅडमचा फोन आला तवा आठवलं." ते खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसले. "मंग भेव वाटलं. म्हटलं, जाईल निभून एक हीट."

विक्रम साहेब खिडकीतून बाहेर पाहत होते.

"हा कागद वर गेला तर इथलं काम आपल्याले परत भेटत नाही. समजते न तुले?"

"समजते."

ताराला तेव्हाही भीती वाटत होती, वेगळी. पन्नास माणसांचं वर्कशॉप, तिची स्वतःची नोकरी, प्रशिकच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष. पण सकाळच्या भीतीनं तिचं आतलं सगळं इतकं पिळून काढलं होतं की ही दुसरी भीती नीट पायच रोवू शकत नव्हती.

"उद्या पाहू," भैय्याजी म्हणाले.

"उद्या दुसरी हीट आहे," तारा म्हणाली. "किल्ली माझ्यापाशी आहे. केबल लागून लिमिट तपासल्याशिवाय मी देणार नाही. पोलिसांले बोलवा पाहिजे तर."

भैय्याजींनी बराच वेळ पेनच्या टोपणाची उघडझाप केली. मग सही केली. त्यांच्यानंतर विक्रम साहेबांनी केली, न वाचता. आणि मग पुन्हा कागद ओढून घेऊन सावकाश वाचला.

क्रेन तीन दिवस बंद राहिली. वरून चौकशी आली. कारखान्यानं दुसऱ्या क्रेनचं काम दुसरीकडे दिलं, भैय्याजी म्हणाले होते तसंच. सौरवला कारखान्यानं गेटबंदी केली. भैय्याजींनी त्याला काढलं नाही आणि ताराशीही महिनाभर कामापुरतंच बोलले. पण त्यांनी एक केलं. तपासणीच्या कागदावर दुसऱ्या सहीची जागा आखून घेतली आणि ती सही ते स्वतः, पॅनेलमध्ये डोकं घालून, वायरी मोजून करू लागले.

चौथ्या दिवशी नवं केबल लागलं तेव्हा तारा किल्ली घेऊन गेली. खाली कोणी नव्हतं. अंकुशनं रिकामा हुक वर घ्यायला सुरुवात केली. हुक चढत गेला. ताराची बोटं मेनच्या हँडलवर पांढरी पडली होती. ड्रमच्या दीड फूट खाली खटका सुटला आणि हुक थांबला.

अंकुशनं पुन्हा बटण दाबलं. हुक हलला नाही. त्यानं तिसऱ्यांदा दाबलं, चौथ्यांदा दाबलं, आणि मग केबिनच्या काचेतून वर पाहत, गमछ्यानं तोंड पुसत, आणखी एकदा दाबलं.